राउटरने अर्ज केला नव्हता

खोडायचं झालं तर एकच रेघ मारावी, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे आणि शेजारी तारखेसह सही करावी. हा नियम ज्या कोणा पुण्यवान माणसाने कचेऱ्यांना घालून दिला, त्याचं देव भलं करो. ही गोष्ट शेवटी त्या एका रेघेवर तरली. पण तरण्याआधी ती चांगली गळ्यापर्यंत बुडाली होती, आणि बुडवणारा हात नेमका रेघ मारणाराच होता.

रेघ मारणाऱ्या या गृहस्थांना सगळी इमारत जावककाका म्हणायची. एका भल्यामोठ्या कचेरीच्या जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. आलेला कागद पुढच्या टेबलावर पाठवायचा आणि पाठवणीच्या वहीत घेणाऱ्याची सही घ्यायची, एवढंच काम. पण सहीशिवाय एक टाचणीसुद्धा त्यांनी कधी पुढे जाऊ दिली नाही. निवृत्तीनंतर माणूस सुटतो, सवय सुटत नाही. काकूंनी शेजारी वाटीभर काही पाठवलं तर काका वाटीबरोबर वही घेऊन जात. शेजारीण वाटी घेई, सही करी आणि दार लावल्यावर मनसोक्त हसे. ते हसू काकांना ऐकू येई. पण नोंद पुरी झालेली असल्यामुळे ते मनाला लावून घेत नसत.

काकूंचं निराळं होतं. त्यांची थोरली बहीण गाऊन निरूपण करायची. ताई उभी राहून देवाची कथा सांगणार, मधेच गाऊ लागणार, श्रोत्यांना हसवता हसवता डोळे पुसायला लावणार. आणि काकू तीस वर्षं तिच्या मागे बसून झांजा वाजवत ध्रुवपद उचलून धरणार. चार महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला आणि दूरच्या गावातल्या घरी खाट धरली. डॉक्टर म्हणत होते, हळूहळू उठाल. ताई म्हणत होत्या, उठेन तेव्हा उठेन, तोवर कथा बसून राहणार का? आणि त्यांनी धाकट्या बहिणीला फर्मावलं, "आता तू उभी राहा."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी काकू उभ्या राहणार होत्या. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. अट एकच घातली होती: ताईने तिकडे खाटेवरून ऐकलं पाहिजे, तेही त्याच वेळी. "तिच्या कानावर पडणार नसेल तर माझ्या तोंडून निघणार नाही," एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला बसल्या. काकूंनी निवडायला घेतलं की चर्चा संपली, हे काकांना चाळीस वर्षांत कळलं होतं.

म्हणून काकांनी ताईंना फोन करून छातीठोक शब्द दिला. ताईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या लग्नात भेटवस्तू आणणाऱ्यांना तुम्ही पोच दिली होतीत. एवढी एकच गोष्ट तुमच्या हातून वेळेवर झालेली मी पाहिली आहे." काकांनी हेसुद्धा मनाला लावून घेतलं नाही, असं त्यांनी काकूंना तीन वेळा सांगितलं.

बुधवारी रंगीत तालीम झाली. इमारतीला एकच सामायिक इंटरनेट जोडणी. सभागृहाच्या भिंतीवर उंच राउटर बसवलेला, त्याच्याखाली सोळा तोंडांचा दुसरा डबा. त्याला जोडणीवाली मंडळी स्विच म्हणतात, दिव्याच्या बटणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यातून सगळ्या घरांना तारा गेलेल्या. काकूंनी पहिलं पद सुरू केलं, आलापीला तोंड उघडलं, आणि ताईंच्या पडद्यावर चित्र तिथेच गोठलं. दीड मिनिट काकू आ वासून उभ्या. ताईंना वाटलं, ही घाबरली. त्या तिकडून सांगत राहिल्या की अगं तोंड तरी मीट, माशी जाईल.

जोडणी का अडखळते, यावर जिन्यात परिषद भरली. विमा एजंट दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि कुठल्याही संकटात आधीपासून हजर असायचे. त्यांनी निदान केलं: कुंपणाच्या भिंतीवर बसून बाहेरचे लोक आपलं इंटरनेट फुकट वापरतात. सचिवांनी लगेच ठराव केला की इमारतीतल्या प्रत्येक यंत्राची नोंद व्हावी आणि नोंद नसलेल्याला प्रवेश नसावा. आणि नोंदवही ठेवायला माणूस कोण, असं म्हणताच सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

काकांना त्या क्षणी जे वाटलं, त्याचं वर्णन एखाद्या निरूपणकारानेच करावं. कोरडी विहीर, आणि अचानक तळाशी पाझर.

दुसऱ्या दिवशी जोडणीच्या कंपनीतली तंत्रज्ञ बाई आली. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, बोलण्यात घाई. तिने सांगितलं की प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षरांचा एक पत्ता मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो यंत्राच्या अंगावरच असतो. आणि दुसरा असतो आयपी पत्ता, नुसत्या आकड्यांचा, मधे टिंबं. यंत्र ज्या जागी जोडलं असेल त्या जागेप्रमाणे तो मिळतो. काका मॅक पत्त्यावर खूश झाले. जागेप्रमाणे बदलणारी माणसं त्यांनी कचेरीत भरपूर पाहिली होती. जन्मापासून एकच क्रमांक बाळगणारं असं प्रामाणिक काही त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. पुढे ती आणखीही काही सांगत होती, पण काका तोवर वहीत रकाने आखायला लागले होते.

रकाने सात: अनुक्रमांक, अर्जदार, घर क्रमांक, यंत्राचा प्रकार, मॅक पत्ता, सही, शेरा. अर्ज दोन प्रतींत. चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी कपडे धुण्याच्या यंत्राचाही अर्ज आणला. त्याला इंटरनेट लागत नाही म्हटल्यावर त्या रुसल्या, कारण शेजारणीच्या फ्रिजची नोंद झाली होती. विमा एजंटांचा फोन मात्र पक्का बेरकी निघाला. सकाळी लिहून घेतलेली बारा अक्षरं संध्याकाळी जुळेनात. तंत्रज्ञ बाई फोनवर म्हणाली की हल्लीचे फोन ओळख लपवायला खोटा मॅक पत्ता सांगतात, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. काकांनी सेटिंग बंद केलंच, शिवाय एजंटांकडून लेखी घेतलं की हाच माझा फोन असून त्याचा हाच खरा पत्ता आहे. एजंट म्हणाले, वीस वर्षं लोकांकडून अशा सह्या घेतोय, आज कळलं कसं वाटतं ते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर थांबायचं. पण काकांचा स्वभाव थांबणाऱ्यांचा नव्हता. यादीत नसलेल्याला प्रवेश नाही, आणि रविवारी ताई दुरून येणार. म्हणजे ताईंच्या टॅबलेटचीही नोंद हवी! त्यांनी ताईंकडे फोन लावला. ताईंची देखभाल करणारी बाई चष्मा शोधून, टॅबलेट उलटासुलटा करून, एकेक अक्षर वाचू लागली. बारा अक्षरांना चाळीस मिनिटं लागली. मागून ताईंचा आवाज येत होता, की माझी हाडं जुळायला एवढा वेळ लागला नाही. पण अखेर अनुक्रमांक तेवीसवर ताई दाखल झाल्या, आणि सहीच्या रकान्यात काकांनी लिहिलं, 'सही समक्ष भेटीत घेणे.'

शुक्रवारी तंत्रज्ञ बाईने ती यादी स्विचमध्ये भरली आणि सभागृहातला संगणक ताईंच्या घराशी थेट जोडला जाईल अशी सोय केली. यादी कशी उघडायची, ओळ कशी घालायची, कशी काढायची, हे काकांना दाखवलं. संकेतशब्द कागदावर लिहून दिला. तो काकांनी पाकिटात घातला आणि लाखेची मोहोर नसल्यामुळे चिकटपट्टीवर सही केली. बाई शिडी उचलताना म्हणाली, "काका, पहिल्या ओळीला हात लावू नका हं." काका तेव्हा अनुक्रमांक सतराची दुसरी प्रत शोधत होते. ते हो म्हणाले. माणूस हो म्हणतो आणि ऐकतो, या दोन्ही गोष्टी एकदम घडतीलच असं देवानेही कधी आश्वासन दिलेलं नाही.

शनिवारी सकाळी पुन्हा तालीम. कुंपणाच्या भिंतीवरची मंडळी यादीबाहेर गेल्यामुळे चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. ताईंच्या गालावरचा तीळसुद्धा दिसला. काकू दोन पदं गायल्या आणि ताई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे बरी झाली. सगळं सुरळीत होतं, आणि हीच काकांची अडचण होती. सुरळीत चाललेलं काम पाहिलं की त्यांना तपासणी करावीशी वाटायची.

इंटरनेटवरून आलेल्या मालाची, तंत्रज्ञ बाईने तपासणीसाठी लावून ठेवलेली एक यादी संगणकावर दिसत होती. प्रत्येक ओळीत दोन पत्ते: आयपी कोणाचा, मॅक कोणाचा. ताईंचं गाणंबोलणं घेऊन आलेल्या ओळी काकांनी शोधल्या. आयपी पत्ता ताईंच्या घराचा, बरोबर. पण मॅक? काकांनी चष्मा पुसला. अनुक्रमांक तेवीस कुठेच नव्हता. तिथे भलतीच बारा अक्षरं होती. बरं, हवामानाचा अंदाज आला, तोही त्याच बारा अक्षरांकडून. वर्तमानपत्र उघडलं, तेही त्याच्याकडूनच. गावोगावचा माल, धनी निरनिराळे, आणि आणून टाकणारा एकच इसम!

काकांनी स्विचमधली यादी उघडली. हा इसम तिथे होता. तोही पहिल्या ओळीत, अनुक्रमांक एकच्याही वर. अर्जदार कोरा. घर क्रमांक कोरा. अर्ज नाही, प्रत नाही, सही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा मागच्या दाराने आलेला माणूस त्यांनी एकदाच पाहिला होता, आणि तो पुढे त्यांचाच साहेब झाला. तेव्हा काही करता आलं नव्हतं. आता येत होतं. त्यांनी नियमाप्रमाणे ती बारा अक्षरं वहीत उतरवली, त्यांवर एक रेघ मारली, तारीख घातली, सही केली, शेरा लिहिला: 'विनाअर्ज. नाव कमी केले.' स्विचमधली ओळ पुसली, संगणक बंद केला, पाकीट सभागृहातल्या सचिवांच्या कपाटात जमा करून पोच घेतली, आणि वीज कामगार यायचे होते म्हणून दिवसभर बंदच राहणार असलेल्या सभागृहाला कुलूप लावून घरी येऊन स्वस्थ झोप काढली. इमारतीत त्या दुपारपासून इंटरनेट नव्हतं. सगळ्यांना वाटलं, वीजवाल्यांनी बंद ठेवलंय.

रविवारी साडेचारला सभागृह भरलं. वीज होती. दिवे होते. काकू नव्या साडीत झांजा न घेता उभ्या होत्या, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. संगणक सुरू केला. ताई येईनात. कोणीच येईना.

मग जे सल्ले आले! कोणी म्हणालं राउटर बंद करून चालू करा, केला. कोणी म्हणालं तार उलटी लावा. एजंट म्हणाले, अशा प्रसंगासाठीही एक योजना आहे. आजीबाईंनी शेजारणीच्या फ्रिजवर संशय घेतला. काकूंनी मात्र कोणाकडे पाहिलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि साडीच्या पदरावरचं नसलेलं काहीतरी निवडू लागल्या.

काकांनी तंत्रज्ञ बाईला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी गच्चीवर होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला की यादीच्या पहिल्या ओळीत काय दिसतंय. काका म्हणाले, "तिथला माणूस मी काढला. त्याने अर्ज केला नव्हता."

पलीकडे पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काका," ती म्हणाली, "तो राउटर आहे. भिंतीवरचा. तो अर्ज कसा करेल?"

काकांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. ती पुढे म्हणाली, "तुमच्या कचेरीत दूरच्या गावाहून अर्ज आला, तर तुमच्या टेबलावर कोण आणून द्यायचं?"

"आधीच्या टेबलावरचा शिपाई."

"आणि तुमच्या वहीत 'कोणाकडून' लिहायचात तिथे?"

"आधीचं टेबल."

"गावातल्या अर्जदाराचं नाव नाही?"

"ते फाइलच्या पाठीवर असतं. ते कुठे बदलतंय? वहीतलं नाव दर टेबलाला..." आणि काका तिथेच थांबले. चौतीस वर्षं जे त्यांनी रोज केलं, तेच आता भिंतीवर बसून त्यांच्याकडे हिरवे दिवे मिचकावत होतं. आयपी म्हणजे फाइलची पाठ. मॅक म्हणजे पाठवणीची वही: या टेबलावरून त्या टेबलावर, इतकंच. पुढच्या टेबलावर जुनं नाव संपलं, नवं आलं. ताईंचा अनुक्रमांक तेवीस ताईंच्या घरच्या डब्यापर्यंत चालत आला आणि तिथेच चपला काढून बसला. त्याने उंबरा कधी ओलांडलाच नव्हता. पुढे किती डब्यांनी किती वेळा आपापलं नाव घालून तो माल पुढे सरकवला, आणि शेवटचा शिपाई दारात आला तेव्हा काकांनी त्याला अर्ज नाही म्हणून हाकलून दिलं. शिपायाला!

"पहिली ओळ परत घाला," बाई म्हणाली. "ती बारा अक्षरं राउटरच्या पाठीवर छापलेली आहेत."

राउटर होता दहा फूट उंचीवर, पाठ भिंतीला टेकवून, चार खिळ्यांनी. शिडी होती बाईबरोबर गच्चीवर. एजंट खुर्चीवर स्टूल ठेवू लागले तशी आजीबाईंनी त्यांना त्यांच्याच विम्याची आठवण करून दिली. पाचला आठ मिनिटं होती. आणि काकांना एकदम आठवलं. त्यांनी वही उघडली. तिथे ती बारा अक्षरं होती, स्वच्छ, ठळक. एकच रेघ, खालचं सगळं वाचता येत होतं.

राहिला संकेतशब्द. तो पाकिटात, पाकीट कपाटात, आणि कपाट उघडायचं तर लेखी अर्ज, दोन प्रतींत, नियम काकांचाच. सचिव कपाटाला पाठ लावून उभे राहिले. ते दुष्ट नव्हते, पण तीन दिवस काकांच्या अर्जांवर सह्या करून त्यांचा अंगठा दुखत होता, आणि देव अशी संधी पुन्हा पुन्हा देत नाही. काका अर्ज लिहायला बसले. दुसऱ्या प्रतीत 'विनंती' लिहिताना शाई संपली.

तेव्हा काकू उठून आल्या. त्यांनी स्वतःचं पेन दिलं आणि हळूच म्हणाल्या, "सावकाश लिहा हो. तीस वर्षं थांबले, पाच मिनिटांनी काय होतंय?"

ते ऐकून सचिवांनीच कपाट उघडलं. पहिल्या प्रतीवरच भागवलं.

पाच वाजून चार मिनिटांनी पडद्यावर उशी दिसली, मग ताईंचा तीळ, मग ताई. भरल्या सभागृहाकडे एकवार बघून त्यांनी मान हलवली, आणि काकू उभ्या राहिल्या.

काकूंचा पहिला स्वर जरा खाली लागला. दुसरा लागला तेव्हा पहिला विसरायला झालं. कथा होती एका निरोपाची. भक्ताने देवाला पाठवलेला निरोप आधी नावाड्याच्या हाती, मग गुराख्याच्या, मग वाटेवरच्या आंधळ्याच्या. प्रत्येक जण म्हणतो मी फक्त पुढच्याला देतो, मी कोण? आणि रंग भरात आल्यावर दृष्टांताची जागा आली तिथे काकू थबकल्या. घरी त्यांनी नदीचा दृष्टांत बसवला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि नदी सोडून सरळ भिंतीवरच्या डब्याकडे बोट केलं.

"आमच्या घरी एक गृहस्थ आहेत," त्या म्हणाल्या, आणि काकांनी वही तोंडापुढे धरली.

सगळं सांगितलं. अर्ज, प्रती, शिपाई, हकालपट्टी, काही म्हणता काही सोडलं नाही. सभागृह पोट धरून हसत होतं, एजंट डोळे पुसत होते. आणि हसू ओसरता ओसरता काकूंनी आवाज खाली आणला. म्हणाल्या, बाबांनो, वहीतली नावं दर दाराशी बदलतात. आज आई, उद्या गुरू, परवा बहीण, कधी नवरासुद्धा. प्रत्येक जण एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतच सोबत करतो. पाठीवर लिहिलेलं नाव मात्र कोणी खोडत नाही, म्हणून तर आपण पोचतो. आणि त्यांनी पद उचललं. ध्रुवपद धरायला मागे कोणीच नव्हतं, ही गोष्ट तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आली. पण ते धरलं गेलं. पडद्यावरून, खाटेवर पडल्या पडल्या, किंचित उशिरा पोचणाऱ्या आवाजात ताई धाकट्या बहिणीच्या मागे गात होत्या.

संपल्यावर बऱ्याच वेळाने ताईंनी विचारलं, "नदी कुठे गेली गं?"

"वाटेत हे भेटले," काकू म्हणाल्या.

"राहू दे. हाच बरा आहे." मग त्यांनी काकांना पडद्याजवळ बोलावलं. काका वही काखेत मारून उभे राहिले. "भाऊजी, एक अक्षर सांडलं नाही. सगळं पोचलं." चाळीस वर्षांत ताईंकडून मिळालेली ही पहिली पोच. काका ती वहीत नोंदवायला पेन शोधू लागले. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पण मग चाळीस मिनिटं बसवून माझी ती बारा अक्षरं कशाला घेतलीत?"

काकांनी खोटं बोलायचा विचार केला. पण भिंतीवरचे दिवे मिचमिचत होते. "ताई," ते म्हणाले, "ती तुमच्या दारापर्यंतच चालतात."

"म्हणजे माझ्यासारखीच," ताई म्हणाल्या. "हरकत नाही. पुढच्या महिन्यात वॉकर घेऊन उंबरा ओलांडणार आहे. सही समक्ष देईन."

रात्रीच्या जेवणाआधी काकांनी वही काढली. खोडलेल्या ओळीला हात लावला नाही; नियम तो नियम. तिच्यावरच्या मोकळ्या जागेत ती बारा अक्षरं पुन्हा लिहिली. यंत्राचा प्रकार: राउटर. अर्जदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं: 'सर्वांचे आणतो. स्वतःचे काही नाही.' मग दुसरी प्रत करायला घेतली, तेव्हा काकूंनी दिवा मालवला.